खोडलेली इ

आमच्या संग्रहालयातल्या प्रत्येक चित्राला एक विषय असतो, आणि तो चित्रात नसतो, खणात असतो. चित्र भिंतीवर टांगलेलं असतं किंवा भांडारात पाठ करून उभं असतं. त्याचं कार्ड मात्र वरच्या मजल्यावर पत्र्याच्या कपाटात असतं, आणि त्या कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, हे चित्र कशाचं आहे ते. युद्ध. राजदरबार. समुद्र. फळे व फुले. माता व बालक. कुणी अभ्यासक येऊन म्हणाला, मला घोड्यांची चित्रं दाखवा, तर आम्ही घोडे शोधत दालनांतून हिंडत नाही. घोड्यांचा खण उघडतो. जे खणात नाही ते संग्रहालयात नाही, असंच समजा. कुठलं कार्ड कुठल्या खणात, हे एकोणतीस वर्षं एकाच बाईंनी ठरवलं. माघारी सगळे त्यांना खणवाल्या बाई म्हणायचे, तोंडावर नुसतं बाई.

मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काढली. काढली असंच म्हणते, कारण पहिली दोन वर्षं मी रोज संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगायचे की उद्यापासून जाणार नाही. बाई ठेंगण्या, जाड भिंगांच्या, आणि आवाज असा की त्यांनी वरच्या मजल्यावर शिंकलं तर दारावरचा पहारेकरी उभा राहायचा. चुकीच्या खणात कार्ड सापडलं की दोन बोटांत झुरळ धरावं तसं धरून ते माझ्या टेबलापर्यंत आणायच्या.

"हे काय आहे?"

"नौकाविहार, बाई."

"वल्ही कोण मारतंय?"

"नावाडी."

"मग विहार कुणाचा?"

"मागे बसलेल्यांचा."

"आणि नावाडी काय, हवा खातोय? दुसरं कार्ड कर. नौकानयन, वर्ग व्यवसाय. एका चित्राची दोन कार्डं लिहिलीस म्हणून बोटं झडणार नाहीत तुझी."

त्यांची कामाची एक रीत होती. नवं चित्र समोर आलं की कागदपत्रं पालथी घालायची आणि दहा मिनिटं नुसतं बघायचं. बघायला सुरुवात हातांपासून. चेहरा सगळ्यात शेवटी. "तोंड चित्रकार आपल्या मनाचं रंगवतो," त्या म्हणायच्या, "हात तसे रंगवता येत नाहीत. हातात काय आहे, बोटं कशी धरलीत, ते आधी लिही. मग वर बघ." मी आधी वर बघायचे आणि मग बोलणी खायचे.

त्या नोकरीला लागल्या तेव्हा कपाटात 'किरकोळ' नावाचा एक खण होता. मोची, कोळी, पाणी वाहणारे, दळणाऱ्या, झाडणारे, ज्यांच्या हातात काही ना काही काम आहे अशी सगळी माणसं त्या खणात कोंबलेली. बाईंनी दोन वर्षं खपून तो खण रिकामा केला आणि एकेका कार्डाला त्याच्या कामाचं नाव दिलं. मग त्या खणात त्या स्वतःचा डबा ठेवायला लागल्या. पाटी बदलली नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आता बरोबर आहे. ह्यात फक्त माझी भाजी किरकोळ आहे."

तरीही एका गोष्टीवरून त्यांचा जळफळाट व्हायचाच. आमच्याकडे बायकांची तीनशे बारा चित्रं आहेत. त्यातल्या बहुतेक सगळ्या आरशात बघतात, वाट बघतात, न्हातात, रडतात, नाहीतर नुसत्या लोडाला टेकून बसतात. काम करणाऱ्या चौदा. "जगातल्या बायका इतक्या रिकाम्या असत्या," बाई म्हणायच्या, "तर ह्या चित्रकारांना जेवायला कुणी वाढलं असतं गं?"

मग कार्डं जाऊन संगणक आला. म्हणजे फतवा निघाला की सगळी कार्डं एकेक तपासून संगणकात चढवायची, प्रत्येक नोंदीखाली बाईंची सही घ्यायची, आणि काम संपलं की कार्डं रद्दीत द्यायची. एकदा सही झाली की नोंद बंद. नंतर बदल करायचा तर नोंदणी सांभाळणाऱ्याने स्वतःच्या नावानिशी लेखी कारण द्यायचं, आणि तो बदल फिरवायचा असेल तर फिरवणाऱ्यानेही तसंच लेखी कारण द्यायचं. हा नियम आमच्या संचालकांनी केला. त्यांना आम्ही साहेब म्हणतो. साहेब वाईट माणूस नव्हेत. पण छापून आलेल्या कागदापुढे त्यांची मान आपोआप लवते, मग कागदावर काहीही असो.

त्याच सुमारास साहेबांनी एक मोठं प्रदर्शन ठरवलं होतं, 'शोक' नावाचं. त्यासाठी बाहेरून एक तज्ज्ञ बोलावले होते. ह्या गृहस्थांना चित्रातली कुठलीही वस्तू वस्तू म्हणून दिसत नसे. कुत्रा दिसला की निष्ठा, विझलेली मेणबत्ती दिसली की आयुष्य, सोललेलं फळ दिसलं की वासना. आम्ही त्यांचं नाव प्रतीकपंत ठेवलं होतं. प्रदर्शनाच्या भित्तिपत्रकावर कुठलं चित्र घ्यायचं, हे प्रतीकपंतांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. चित्र क्रमांक चारशे अठरा.

हे चित्र मलाही फार आवडायचं, ते आधीच कबूल करते. एक बाई उभी आहे. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. दोन्ही हातांनी एक काळसर पेटीसारखी वस्तू उचलून तिनं गालाजवळ धरली आहे. डोळे मिटलेले. समोर पांढरं लांब वस्त्र पसरलेलं, बाजूला पाण्याचं छोटं भांडं. कार्ड माझ्या जन्माच्या आधीचं, टाइप केलेलं: "शोकमग्न विधवा. हाती पतीची अस्थिपेटी. समोर शववस्त्र. बाजूस अश्रुपात्र. वर्ग: शोक." नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ह्या चित्रापुढे उभी राहून चक्क डोळे पुसले होते. अस्थी गालाशी धरणारी बाई म्हटल्यावर कुणाला भरून येणार नाही?

तपासणीच्या क्रमात चारशे अठराची पाळी आली, तसं आम्ही चित्र भांडारातून काढून खिडकीच्या उजेडात ठेवलं. हे कार्ड बाईंच्या आधीच्या माणसानं केलेलं, त्यामुळे ह्या चित्रापुढे त्यांची दहा मिनिटं कधी झालीच नव्हती. त्यांनी कार्ड पालथं घातलं आणि बघायला लागल्या. दहाची वीस मिनिटं झाली. मी चुळबुळ केली तर हात वर करून मला गप्प केलं. मग त्या स्टुलावर बसल्या. चेहरा लालबुंद झाला होता.

"अगं, ही रडत नाहीये," त्या म्हणाल्या.

"मग काय करतेय?"

"इस्त्री तापलीय का बघतेय."

मी बघितलं. पेटीला वर मूठ होती. मूठ म्हणजे मूठच, तिच्या बोटांत घट्ट धरलेली. पेटीच्या कडेला दातेरी भोकं होती, आणि एका भोकाआड चित्रकारानं तांबड्या रंगाचा एवढासा ठिपका दिला होता. निखारा. सात वर्षं मी त्याला रंग उडालेला समजत होते.

बाईंची आई इस्त्री करायची, हे मला त्या दिवशी कळलं. घरातच, पुढच्या खोलीत, लाकडी फळीवर घोंगडी अंथरून, कोळशाच्या इस्त्रीनं. बाई आणि त्यांची थोरली बहीण कपड्यांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत शाळेला जायच्या. इस्त्री पुरेशी तापली का, हे आई हात लावून बघायची नाही. गालाजवळ न्यायची आणि डोळे मिटायची, कारण झळ डोळ्यांना लागते. "गाल बरोबर सांगतो," असं तिचं म्हणणं. बाई शिकल्या, नोकरीला लागल्या. थोरली, म्हणजे ताई, आईच्या जागी फळीसमोर उभी राहिली, ती अजून उभी आहे.

बाई त्याच दुपारी तळघरात गेल्या आणि संग्रहालयाची पहिली नोंदवही घेऊन वर आल्या. कपड्यांवर जळमटं, चष्म्यावर धूळ, पण चेहऱ्यावर लढाई जिंकल्यासारखं तेज. ही वही संग्रहालय उघडलं तेव्हाच्या कारकुनाची. चित्रं दारात उतरत होती तसतशी त्यानं लिहून घेतली होती. चारशे अठरापुढे त्याच्या बारीक अक्षरात दोनच शब्द होते: "इस्त्री. तेलरंग." आणि त्या इस्त्रीतली इ लाल शाईनं खोडलेली होती. समासात दुसऱ्या, पल्लेदार अक्षरात शेरा: "शुद्धलेखन!"

म्हणजे झालं असं. कारकुनामागून कुणी एक विद्वान अभिरक्षक आले. त्यांना वाटलं, ह्या अडाण्यानं स्त्रीला इस्त्री लिहिलंय. त्यांनी इ खोडली. राहिली 'स्त्री. तेलरंग.' त्यांच्यामागून आलेल्यांनी विचार केला, नुसतीच स्त्री कशी? डोळे मिटलेत, तर दुःखी असणार. झाली 'दुःखी स्त्री'. पुढच्यांना हातातली पेटी दिसली. दुःखी बाईच्या हातात पेटी म्हणजे अस्थीच. मग फळीवरची चादर शववस्त्र झाली, आणि पाणी शिंपडायचं भांडं अश्रुपात्र झालं. एक ऱ्हस्व इ गेली आणि त्या बाईचा नवरा मेला.

"आजवर कुणी त्याच्यासाठी सुतक पाळलं नाही ते बरं," बाई म्हणाल्या. मी हसत सुटले. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेब आणि प्रतीकपंत चित्रापुढे आले. बाईंनी वही उघडून ठेवली. प्रतीकपंतांनी ती चष्मा वर सरकवून नीट वाचली. ते मूर्ख नव्हते, म्हणूनच जास्त राग यायचा. त्यांनी आणखी चार पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं.

"हे बघा. 'इस्टुलावर फुलदाणी.' हा मनुष्य स्टुलाला इस्टूल लिहितो. तो स्त्रीला इस्त्री लिहिणारच. खोडणाऱ्यांचं बरोबर होतं, बाई."

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझी तर पाचावर धारण बसली, कारण त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. बाईंनी वही मिटून काखेत मारली आणि म्हणाल्या, "मला चार दिवस द्या."

चार दिवस त्यांनी ती अख्खी वही वाचली. एक हजार सहाशे नोंदी, बोटानं ओळ धरून. पाचव्या दिवशी त्यांनी साहेबांच्या टेबलावर एक कागद ठेवला. कारकुनानं ज्या ज्या चित्रात बाईमाणूस आहे ती सगळी चित्रं त्यावर उतरवलेली होती. "बाई आरशापुढे." "बाई व मूल." "बाई न्हाताना." "दोन बाया, एक उभी." सगळीकडे बाई. स्त्री हा शब्द त्या माणसानं अख्ख्या वहीत एकदाही वापरला नव्हता.

"जो जन्मभर बाईला बाई म्हणतो," बाई म्हणाल्या, "तो एकाच पानावर उठून स्त्री म्हणेल, आणि तेही चुकीचं लिहून? त्याला इस्त्री दिसली, त्यानं इस्त्री लिहिली. शाळा कमी शिकला होता, पण डोळे धड होते त्याचे."

प्रतीकपंतांनी कागद उचलून पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. साहेब मात्र म्हणाले, हा निव्वळ तर्क झाला. ह्यावर बाईंनी दुसऱ्या सकाळी ताईलाच आणून उभं केलं.

ताई बाईंहून पाच वर्षांनी मोठी, पण उंच, आडव्या खांद्यांची. संग्रहालयात आयुष्यात पहिल्यांदा आलेली. चपला बाहेर काढू का, म्हणून तिनं पहारेकऱ्याला विचारलं. बाईंनी तिला आधी काही सांगितलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगते, कारण मी दोघींना दारापासून घेऊन आले. चित्रापुढे उभं करून बाई एवढंच म्हणाल्या, "ताई, ही काय करतेय गं?"

ताईनं आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्ही तिची थट्टा करतोय.

"काय करतेय म्हणजे? इस्त्री बघतेय. जास्तच तापवलीन बाईनं. एवढ्या पातळ चादरीवर टेकवली तर डागच पडेल. आधी त्या भांड्यातलं पाणी मारायला हवं, हा कोपरा बघ, पार सुकलाय." मग पुढे वाकून म्हणाली, "आणि हे बघ, हिलापण आहे."

चित्रातल्या बाईच्या उजव्या हातावर, मनगटापासून चार बोटं वर, एक तिरकी तपकिरी रेघ होती. प्रतीकपंतांच्या टिपणात तिची नोंद 'कॅनव्हासवरील डाग' अशी होती. ताईनं स्वतःची बाही वर केली. तिच्या हातावर त्याच जागी, तशीच तिरकी रेघ होती. इस्त्रीचं झाकण उघडताना कड लागते तिथं.

प्रतीकपंतांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, जिंकलो.

साहेब म्हणाले, "समजा, तुमचं खरं. पण भित्तिपत्रकं छापून झाली. आमंत्रणं गेली. आणि बाई, जरा व्यवहारानं बघा. इस्त्री करणारी बाई बघायला तिकीट काढून कोण येणार?"

ताई तिथेच उभी होती. तिच्या लक्षात आलं की आपल्याबद्दल बोलणं चाललंय. तिनं बाही हळूच खाली केली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी बोलले नाही. मी नोकरीत लहान होते, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

बाई बोलल्या. "रडणारी चालते तुम्हाला. न्हाणारी चालते. कामाला लागलेली बघवत नाही. साहेब, माझ्या आईनं अख्ख्या गल्लीचे कपडे कडक केले. तिचं चित्र कुणी काढलं नाही. ही एक कुणीतरी काढलीय, तर तिच्या हातात तुम्ही नवऱ्याची राख दिलीत. मी सही करणार नाही."

"मग नोंदणी दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल."

"द्या."

एकोणतीस वर्षांनी बाईंची बदली झाली. कुठे, तर तळमजल्यावर, सामानघरात. दारातून आत आलं की डाव्या हाताला एक खिडकी आहे. तिथे लोक पिशव्या, छत्र्या ठेवतात आणि पितळी बिल्ला घेतात. बाईंनी खणातून डबा उचलला आणि जिना उतरून गेल्या. नोंदणी कुणाकडे दिली, हे सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. माझ्याकडे दिली. साहेबांनी पहिल्याच दिवशी माझ्यापुढे चारशे अठराची नोंद ठेवली आणि मी तिच्याखाली सही केली. "शोकमग्न विधवा. हाती पतीची अस्थिपेटी." खाली माझं नाव. दोन दिवस मी जेवायला खाली उतरले नाही, कारण जिना सामानघरावरून जातो.

तिसऱ्या दिवशी उतरले. बाईंनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं, डबा आणला नाहीस? ये, माझ्यातलं घे." सहीबद्दल चकार शब्द काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रदर्शन सुरू झालं. सामानघरात बसवलं म्हणजे बाईंचं तोंड बंद होईल असं साहेबांना वाटलं असावं. संग्रहालयात आलेला प्रत्येक माणूस त्या खिडकीसमोरूनच आत जातो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. बाई पिशवी घ्यायच्या, बिल्ला द्यायच्या आणि त्या त्यांच्या आवाजात सांगायच्या, "दुसऱ्या दालनात डाव्या हाताला एक बाई इस्त्री करतेय, बघून या. पाटीवर काहीही लिहिलेलं असो. आधी हात बघा, मग तोंड."

लोक बघून यायचे आणि बिल्ला परत करताना खिडकीशी घोळका करायचे. "निखारा दिसला हो!" "भांडं पाण्याचंच आहे!" पंधरा दिवसांत पहारेकऱ्यांना लोक 'शोक'चं दालन विचारायचे बंद झाले, इस्त्रीवाली कुठंय म्हणून विचारायला लागले. एका मंगळवारी ताई तिच्यासारख्या नऊजणींना घेऊन आली. त्या सगळ्या चित्रापुढे तासभर उभ्या होत्या आणि कोळसा पुरेसा पेटलाय की नाही ह्यावरून त्यांची जुंपली. एक म्हणाली, अजून वारा घालायला हवा होता. दुसरी म्हणाली, तुझी चादर कायम पिवळी का पडते ते आता कळलं. शेजारी गंभीर चेहऱ्यानं 'शोक' अनुभवत उभं असलेलं एक जोडपं आधी वैतागलं, मग पुढे सरकून ऐकायला लागलं.

मी वर संगणकापुढे बसलेली असायचे. दालनातल्या पडद्यावर लोक आता विषय टाकून चित्रं शोधू शकत होते, आणि लोकांनी काय शोधलं ते मला दिसायचं. दिवसाला पन्नास-साठ वेळा 'इस्त्री'. आणि दर वेळी संगणक उत्तर द्यायचा: "एकही नोंद नाही. तुम्हाला 'स्त्री' म्हणायचे आहे का?"

लाल शाईवाले विद्वान जाऊन इतकी वर्षं झाली, आणि त्यांची चूक आता यंत्र करत होतं, दिवसाला साठ वेळा, माझ्या सहीवर.

अभिप्रायाच्या वहीत पाटी चुकल्याचे शेरे वाढले, तसे विश्वस्तांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी मार्ग काढला. ते स्वतः मला घेऊन सामानघराशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, ताणण्यात अर्थ नाही. पाटीवर लिहू, 'शोकमग्न विधवा, किंवा इस्त्री करणारी'. तुमचंही राहील, आमचंही राहील. तुम्ही हो म्हणा, उद्यापासून वर या. खण तुमचेच आहेत."

बाईंना वर यायचं किती होतं हे मला माहीत होतं. जेवताना त्या रोज विचारायच्या, समुद्राच्या खणात जहाजं घुसवली नाहीस ना? निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा, बाई, हो म्हणा. त्या वर आल्या असत्या तर माझी सहीही धुऊन निघाली असती.

बाईंनी एका माणसाची छत्री घेतली, त्याला बिल्ला दिला, मग म्हणाल्या, "साहेब, वर सेनापतीचं मोठं चित्र आहे ना, त्याच्या पाटीवर 'लढाई किंवा सहल' असं लिहिलंय का?"

"तसं कसं लिहिणार?"

"का? घोडे आहेत, तंबू आहेत, सहलसुद्धा असेल. तिथं तुम्हाला किंवा सुचत नाही. बाईच्या हातात काम दिसलं की सुचतं. त्या बाईनं निखारे भरले, इस्त्री तापवली, पोळून घेतलं. ती 'किंवा' नाही करत बसलेली. मला नाही यायचं वर."

साहेबांनी खांदे उडवले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही किंवा टाका. ह्यांच्या होकाराची गरज नाही. तुमचं नाव आहे नोंदीवर."

ते शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. मी जिना चढताना तेच धरून चढले. नाव माझं होतं. साहेबांनीच केलेल्या नियमाप्रमाणे बदलाचं लेखी कारण मी द्यायचं होतं. मी चारशे अठराची नोंद उघडली. आधीच्या सगळ्या ओळी पुसल्या. लिहिलं: "इस्त्री करणारी बाई. हाती कोळशाची इस्त्री. समोर चादर. बाजूस पाण्याचे भांडे. उजव्या हातावर भाजल्याचा व्रण. वर्ग: व्यवसाय." मग लेखी कारण लिहायला बसले. चार पानं झाली. खोडलेली इ, इस्टूल, वहीतल्या सगळ्या बाया, ताईचा हात, सगळं. शेवटी लिहिलं, "यापूर्वीची सही मी भीतीने केली होती." सही केली आणि नोंद बंद केली. जिवाला फार बरं वाटलं. टेबलाच्या खणातून कोरा पुठ्ठा काढून पाटीही लिहिली आणि दालनात जाऊन स्वतः लावून आले.

साहेब संतापले, हे सांगायला नको. तीन वेळा मला बोलावलं. पण नोंद फिरवायची तर त्यांना स्वतःच्या नावानं लिहून द्यावं लागणार होतं की ही इस्त्री नव्हे. त्यांनी प्रतीकपंतांना लिहायला सांगितलं. प्रतीकपंतांनी दोन ओळींत कळवलं की आपल्याला ती इस्त्री दिसली आहे आणि आता दुसरं काही दिसत नाही. नोंद तशीच राहिली. माझी बदली तेवढी त्यांच्या एकट्याच्या सहीनं होत होती, ती त्यांनी लगेच केली.

दुसऱ्या सकाळी मी सामानघरात गेले. दार उघडायला दहा मिनिटं होती आणि बाहेर लोक जमले होते. बाईंनी माझ्या बदलीचा कागद वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला, आणि बाकावर सरकून मला जागा करून दिली.

"पिशव्या उजवीकडे, बिल्ले डावीकडे," त्या म्हणाल्या. "आणि आवाज मोठा ठेव."